रत्नागिरीसारख्या शहरात डिजिटल दरी कशी बुजवायची: वाडीत मदत टेबल लावण्यापासून ते दुसऱ्याच्या हाती सोपवण्यापर्यंत

रत्नागिरीत नेट नाही असं आज कोणी म्हणणार नाही. मारुती मंदिरला उभं राहा, फोनवर फाईव्ह जी येतं, वडापावच्या गाडीपासून मासळीच्या पाटीपर्यंत सगळीकडे क्यूआर लागलेत. तरी २०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा मिरकरवाडा, राजिवडा, मिऱ्या, कर्ला इथल्या बायका कागद घेऊन या दुकानातून त्या दुकानात फिरत होत्या, कारण फोन होता पण ओटीपी भलत्याच फोनवर जात होता. दरी आहे ती इथे, टॉवरमध्ये नाही.

आणि आपल्यासारखं छोटं शहर सरकारी योजनांच्या मधल्या फटीत पडतं हे लक्षात घ्या. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ साली आलं, २० तासांचा फुकट कोर्स, प्रत्येक घरातून एक माणूस, पण ते फक्त ग्रामीण कुटुंबांसाठी होतं आणि मार्च २०२४ ला संपलंही. भारतनेट या सरकारी इंटरनेट योजनेची फायबर जाते ग्रामपंचायतीपर्यंत. आपली नगर परिषद, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण ७६ हजार, म्हणजे ना गाव ना महानगर. त्यामुळे कोणी येऊन करून देईल याची वाट बघण्यात अर्थ नाही, वाडीतल्या चार-पाच जणांनी मिळूनच करावं लागतं आणि ते जमतं. कसं ते खाली सविस्तर लिहितेय. वाडीत ठरलेल्या दिवशी टेबल मांडून लोकांना फोनवरची कामं शिकवायची, याला आम्ही मदत टेबल म्हणतो, आणि आम्ही ते ज्या पद्धतीने चालवतो तेच सांगतेय, मालवण, वेंगुर्ला, अलिबाग, श्रीवर्धन कुठेही थोड्या फरकाने चालेल.

पायरी १: आधी वाडी फिरा

कॉम्प्युटर, प्रोजेक्टर, बॅनर यातलं काही आधी घेऊ नका. वही घ्या आणि घरोघरी जा. आणि "फोन आहे का" हा प्रश्न विचारूच नका, सगळे हो म्हणतात आणि आपल्याला काही कळत नाही. त्याऐवजी हे विचारा: दिवसभर फोन कोणाच्या हातात असतो, सिम कोणाच्या नावावर आहे, आधारला आणि बँकेला कुठला नंबर जोडलाय आणि तो अजून चालू आहे का, ओटीपी आला तर वाचतं कोण, आणि घरात रेंज नेमकी कुठे मिळते.

या प्रश्नांची उत्तरं ऐकलीत की खरं चित्र दिसतं. मच्छीमार घरात एकच स्मार्टफोन असतो आणि तो बोटीवर जातो. बोट किनाऱ्यापासून लांब गेली की रेंज संपते. घरी बायकोला बँकेचं काम पडलं, ओटीपी गेला नवऱ्याच्या फोनवर, आणि नवरा परत येणार दोन-चार दिवसांनी. दुसरा प्रकार चाकरमान्यांच्या घरांचा. मुलगा नालासोपाऱ्याला किंवा डोंबिवलीला, आईवडिलांच्या खात्याला नंबर मुलाचा, सगळं तोच तिकडून करतो. तो कामावर असला की इकडचं काम अडलं. तिसरा प्रकार म्हणजे जुना नंबर, रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेला, पण आधारला अजून तोच.

या यादीत बायकांचा वेगळा रकाना ठेवा. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कधीतरी इंटरनेट वापरलंय असं सांगणारे पुरुष ६१ टक्क्यांच्या वर होते आणि बायका ३८ टक्के. एकाच घरात, एकाच रेंजमध्ये राहून हा फरक आहे. बोटींवर आणि आंब्याच्या बागेत काम करणारे नेपाळी कामगारही आपल्याकडे खूप आहेत, त्यांना कोणी यादीत धरत नाही, तुम्ही धरा.

पायरी २: नंबर, सिम, आधार सरळ करून घ्या

हे कंटाळवाणं काम आहे पण याच्याशिवाय पुढचं सगळं फुकट जातं. ज्या बाईचं खातं आहे तिचा स्वतःचा चालू नंबर तिच्या आधारला आणि तिच्या बँकेला, दोन्हीकडे जोडलेला हवा. दोन्हीकडे म्हणजे दोन वेगळी कामं, आधारला बदलला म्हणून बँकेत आपोआप बदलत नाही, हे प्रत्येकाला दोनदा सांगा.

आधारला मोबाईल नंबर बदलायची फी ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये आहे, आधार केंद्रात होतं. पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमनही हे काम घरी येऊन करतात, २०२१ पासून ही सोय आहे. वाडीतल्या पंधरा-वीस जणांची नावं एकत्र करून पोस्टात भेटा आणि एक दिवस ठरवून घ्या, म्हाताऱ्या माणसांना रिक्षा करून जावं लागत नाही.

सिमबद्दल हे सांगा की ९० दिवस काहीच वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे तो दुसऱ्या कोणालातरी दिला जातो. मग आपले बँकेचे मेसेज त्या अनोळखी माणसाला. ज्यांना नेट नकोच आहे त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज ठेवायला ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, डिसेंबर २०२४ ला कंपन्यांना सांगितलंय, दुकानदार स्वतःहून दाखवत नाही, मागून घ्यावं लागतं. आणि सरकारच्या संचार साथी या वेबसाईटवर जाऊन आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते प्रत्येकाचं बघा, भलतंच सिम दिसलं तर तिथेच "माझं नाही" म्हणून कळवता येतं.

आता बोटांचं. मासळी साफ करणाऱ्या, बर्फात हात घालणाऱ्या बायकांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. आंब्याच्या सीझनमध्ये चिकाने बोटांची सालं निघतात, तेव्हाही तेच. रेशन दुकानात, बँकेच्या मशीनवर अंगठा लागत नाही आणि बाईला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. चुकत काही नाही. हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करून, थोडं खोबरेल लावून पुसून परत बघा, दुसरं बोट लावून बघा, आणि तरी नाही झालं तर डोळ्याच्या किंवा चेहऱ्याच्या पडताळणीची मागणी करा. रेशनच्या ई-केवायसीसाठी तर चेहऱ्यावरून होणारं मोबाईल ॲपही आहे, मेरा ई-केवायसी. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखलाही चेहऱ्यावरून होतो, २०२१ पासून. नोव्हेंबरमध्ये मदत टेबलवर सगळ्यात जास्त गर्दी याचीच असते.

पायरी ३: जागा आणि वेळ

जागा वाडीतलीच हवी. अंगणवाडी, देवळाचा सभामंडप, मोहल्ल्यातला हॉल, शाळेचा वर्ग, जे मिळेल ते. जयस्तंभाजवळचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, अशा वाचनालयांना विचारा, दुपारी टेबल रिकामी असतात. पण मिरकरवाड्यातली बाई वाचनालयात यायला बिचकते, म्हणून सुरुवात तिच्या दारात करा.

वेळ तिच्या सोयीची. बोटी लागायच्या वेळेला, लिलावाच्या वेळेला कोणी येणार नाही. बाजार आटपून, जेवणं होऊन, तिला खरी उसंत मिळते ती दुपारी तीनच्या सुमाराला. राजिवड्यात शुक्रवार दुपार नमाजासाठी सोडा. आणि वर्षातला सगळ्यात चांगला काळ म्हणजे मासेमारी बंदीचे जून-जुलै. बोटी वर ओढलेल्या, खलाशी घरी, जाळी विणत बसलेले असतात, फोनही घरात. जे काही सलग शिकवायचं ते या दोन महिन्यांत शिकवा. गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा वेगळंच काम घ्या, मुलांना बसवून आईवडिलांचे नंबर, खाती, नॉमिनी सगळं नीट करून घ्यायचं, कारण पासवर्ड मुलालाच माहीत असतो आणि तो एरवी समोर नसतो.

एकदा दिवस ठरला की तो मोडायचा नाही. दर बुधवारी तीन ते पाच म्हणजे दर बुधवारी, एकच बाई आली तरी टेबल लागलेलं दिसलं पाहिजे. मोठं शिबिर घेऊन फोटो काढण्यापेक्षा हे शंभर पटीने उपयोगी आहे, माझं याबद्दल ठाम मत आहे. शिबिरात लोक मान डोलावतात, अडतात ते पंधरा दिवसांनी, आणि तेव्हा विचारायला कोणी नसतं.

पायरी ४: नेट आणि वीज

आपल्याकडची जांभ्याच्या चिऱ्यांची घरं गार असतात पण भिंती जाड, रेंज आत येत नाही. ओटीवर दोन काड्या, माजघरात शून्य. म्हणून घरोघरी फिरताना रेंजची जागा लिहून घ्यायला सांगितलं. वायफाय असेल तर राऊटर कोपऱ्यातल्या कपाटामागे न ठेवता मधल्या दाराच्या वर, उंचावर लावा, दारातून सिग्नल जातो, चिऱ्यातून जात नाही. फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू केलं की रेंज नसलेल्या खोलीतही कॉल येतो, ओटीपी मात्र प्रत्येक कंपनीत येईलच असं नाही, तो रेंजमध्ये जाऊनच घ्या.

लाईट गेली की राऊटर बंद. राऊटरसाठी छोटा बारा व्होल्टचा यूपीएस मिळतो, साधारण हजार-दीड हजारात, दोन-तीन तास काढतो. मदत टेबलच्या जागी हा हवाच. मे अखेरीला आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की राऊटरचा ॲडॉप्टर बोर्डातून काढून ठेवा, बटण बंद करणं पुरत नाही. खाऱ्या हवेने चार्जिंगचं तोंड गंजतं, त्यात टाचणी घालू नका, फोन बंद करून कोरड्या मऊ ब्रशने साफ करा. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली, मंडणगडकडे वीज आणि मोबाईल दोन्ही कित्येक दिवस बंद होते, मे २०२१ ला तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून गेलं. म्हणून महत्त्वाचे नंबर प्रत्येकाकडे कागदावर लिहिलेले असू द्या, आणि घरात दोन फोन असतील तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा.

वाडीत एखादं किराणा दुकान तयार असेल तर पीएम-वाणी बघा. डिसेंबर २०२० ला मंजूर झालेली योजना आहे, दुकानदार आपल्या ब्रॉडबँडवरून लोकांना थोड्या पैशात वायफाय देऊ शकतो, त्यासाठी परवाना किंवा नोंदणी फी लागत नाही. जिथे एकाच स्मार्टफोनवर घर चालतं आणि डेटा दुपारीच संपतो तिथल्या शाळकरी पोरांना याचा फार उपयोग होतो.

पायरी ५: शिकवायचं कसं

एक नियम फळ्यावर लिहून ठेवा: फोन तिच्याच हातात राहील. शिकवणाऱ्याने फोन घ्यायचा नाही, बोट लावायचं नाही, फक्त तोंडाने सांगायचं. तरुण पोरांना हे सगळ्यात कठीण जातं, "द्या इकडे, मी करून देतो" असं म्हणत फोन ओढतात आणि अर्ध्या मिनिटात काम करून परत देतात, काम होतं पण ती बाई पुढच्या वेळेला परत त्यांच्याकडेच येते. वीस मिनिटं लागली तर लागू देत.

पहिल्या दिवशी फक्त फोन तिचा करायचा. भाषा मराठी, राजिवड्यात कोणाला उर्दू हवी असेल तर उर्दू, जी भाषा सहज वाचता येते ती. अक्षरं मोठी करा, उजेड वाढवा, ओल्या हाताने स्क्रीन चालत नाही म्हणून कमरेला एक कोरडं फडकं ठेवायला सांगा. वाचता येत नाही अशांसाठी बोलून टाईप करणं, माईकचं चिन्ह दाबून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात, आणि व्हॉट्सॲपवर आवाजी मेसेज. कॉन्टॅक्टला फोटो लावून द्या, नाव वाचता आलं नाही तरी चेहरा ओळखता येतो. एक मावशी आमच्याकडे आल्या तेव्हा हिरवं बटण दाबायलाही कचरायच्या, फोन टेबलावर ठेवून एका बोटाने लांबूनच टोचायच्या. त्यांना पैशाचं काही न सांगता आधी नातवाला व्हिडिओ कॉल लावायला शिकवलं. तो त्यांचा त्यांनी लावला, नातू स्क्रीनवर दिसला, आणि मग त्या फोन दोन्ही हातांनी धरून बसल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात यूपीआयचं त्यांनी स्वतःहून विचारलं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी माणसं, मग पैसे, मग सरकार. एका बैठकीत एकच काम, आणि ते तिला त्या आठवड्यात खरंच लागणारं.

पैशाचं शिकवताना वेगळं छोटं खातं उघडायला लावा, पोस्ट पेमेंट्स बँकेचं चालतं, आणि यूपीआय त्यालाच जोडा. घरखर्चापुरते पैसे त्यात, साठवण दुसरीकडे. एटीएम कार्ड नसेल तरी आधारच्या ओटीपीवरून यूपीआय पिन काढता येतो, पण त्यासाठीच पायरी दोन. पहिला व्यवहार एक रुपयाचा, टेबलावरच्या दुसऱ्या बाईला पाठवायचा, मग तिने परत पाठवायचा. पैसे आल्याचा आवाज आला तरी बॅलन्स बघायची सवय लावा, गिऱ्हाईक नुसता स्क्रीनशॉट दाखवून मासळी घेऊन जातं असे प्रकार होतात. साधा फोन असलेल्यांना स्टार ९९ हॅश शिकवा, बँकेला जोडलेल्या नंबरवरून डायल केलं की नेटशिवाय चालतं, एका वेळी पाच हजारांपर्यंत.

सरकारी कामात कागदपत्रं फोनमध्ये ठेवायचं डिजिलॉकर आणि दाखल्यांसाठी अर्ज करायची आपले सरकार वेबसाईट, एवढं पुरे. सातबारा डिजिटल सहीचा घरबसल्या १५ रुपयांत निघतो. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे, दाखला किती दिवसांत द्यायचा ते ठरलेलं आहे, मुदत टळली तर अपील करता येतं. म्हणून अर्ज कुठूनही भरा, पावतीचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये फोटो काढून ठेवा. सेवा केंद्रात दरपत्रक लावलेलं असायला हवं, त्यापेक्षा जास्त मागितले तर पावती मागा, बहुतेक वेळा तिथेच प्रश्न मिटतो.

पायरी ६: फसवणूक

आपण एकीकडे सांगतो ओटीपी कोणाला सांगू नका, आणि दुसरीकडे मुंबईचा मुलगा रोज फोन करून "बाबा आलेला नंबर सांगा" म्हणतो. त्या बापाला ओटीपी सांगायची सवय आपल्याच घरातून लागलेली असते, उद्या बँकेचा साहेब बनून कोणी बोलला की तो तसाच सांगतो. म्हणून शिकवताना मुलांनाही फोन लावा आणि घरातला एक परवलीचा शब्द ठरवायला लावा, तो शब्द ऐकल्याशिवाय मुलाच्या आवाजालाही नंबर द्यायचा नाही. खरं म्हणजे ओटीपी बघून स्वतःच टाकायला शिकवणं हाच यावरचा उपाय.

बाकी तीन गोष्टी घोकून घ्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो. व्हिडिओ कॉलवर अटक करणारा पोलीस खोटा, कायद्यात डिजिटल अटक असं काही नाही. आणि पैसे गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० ला फोन, जितका लवकर फोन तितके पैसे मध्येच अडवले जायची शक्यता जास्त. १९३० हा नंबर प्रत्येक फोनच्या मागे चिकटवून द्या.

पायरी ७: समुद्र आणि बाग

इथे लोक स्वतःहून शिकायला येतात कारण रोजच्या कमाईचा विषय आहे. हैदराबादची इन्कॉईस संस्था उपग्रहावरून समुद्राच्या पाण्याचं तापमान आणि हिरवट द्रव्य बघून मासळी मिळायची शक्यता असलेल्या जागा कळवते, बंदरापासून दिशा, अंतर आणि खोली, मराठीतही. तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, आपला अनुभव असतोच, पण डिझेलच्या भावात एक फेरी वाचली तरी मोठं आहे. हवामानासाठी मौसम, विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी, आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी सचेत, ही तीन ॲप बोट सुटायच्या आधी बघायची. तटरक्षक दलाचा मदत नंबर १५५४. बोटीची नोंदणी, परवाने आता ऑनलाईन झालेत, ती कागदपत्रं बंदीच्या काळात फोनमध्ये नीट भरून ठेवा म्हणजे ऑगस्टला धावपळ नाही.

बागवाल्यांना ई-पीक पाहणी, म्हणजे ॲपवरून पिकाची नोंद, ती शेतात उभं राहूनच करावी लागते, आणि बाग डोंगरात असली की रेंज नाही. ॲप रेंजमध्ये उघडून माहिती उतरवून घ्या, फोटो बागेत काढा, परत रेंजमध्ये येऊन पाठवा. हापूसला २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालंय, नोंदणी केलेल्या बागवाल्याला पेटीवर क्यूआर लावून थेट गिऱ्हाईकाला विकता येतं, फेब्रुवारीतच याचं एक वेगळं सत्र ठेवा, एप्रिलमध्ये कोणालाच वेळ नसतो.

पायरी ८: माणसं आणि पैसे

कॉलेजच्या एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना वर्षाला १२० तास काम करायचं असतं, प्राचार्यांना भेटून त्यातले तास या टेबलसाठी मागा. पॉलिटेक्निक आणि शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातही विचारा, मासळीचं बोलणारी मुलं तिथे आहेत. खर्च फार नाही, महिन्याचं ब्रॉडबँड साधारण पाचशे-सहाशे, यूपीएस एकदाच, आणि सरावासाठी दोन-तीन जुने स्मार्टफोन. फोन देणगी म्हणून घेताना आधीच्या मालकाचं अकाउंट काढून फॅक्टरी रिसेट करून घ्या, आणि अपडेट येणं बंद झालेल्या फोनवर बँकेचं काम करू देऊ नका.

मुलं मात्र परीक्षा झाली की पुण्यामुंबईला जातात. त्यामुळे पहिल्या महिन्यापासूनच वाडीतली एक बाई शोधत राहा, बचत गटातली असेल तर उत्तम, जी शिकली आणि शेजारणीला दाखवायला लागली अशी. तिला टेबलावर बसवा आणि मानधन द्या, फुकटात राबवू नका, तिचा बाजाराचा वेळ जातो. नगर परिषदेच्या महिला व बालकल्याणच्या तरतुदीतून हे मागता येतं, नगरसेवकाला लेखी अर्ज द्या आणि सोबत वहीतली यादी जोडा.

त्या यादीवरच दर तीन महिन्यांनी परत फिरायचं. किती जण आले हे मोजू नका. मागच्या वेळी "ओटीपी मुलगा वाचतो" लिहिलं होतं तिथे आता काय लिहिता येतं ते बघा, आणि ज्यांच्या नावापुढे अजून तेच उत्तर आहे त्यांच्या घरी टेबल बंद असलेल्या दिवशी जाऊन या.